एपीआय गेटवेचे लॉग गूगल ॲनालिटिक्समध्ये: नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्या टीममध्ये एक प्रश्न सतत यायचा: एपीआयची (इतर ॲप आमच्या सिस्टीमशी जिच्यातून बोलतात तिची) जुनी आवृत्ती बंद करायची आहे, पण ती अजून वापरतंय कोण? एपीआयकडे येणारी प्रत्येक रिक्वेस्ट गेटवेतून जाते आणि तिथे तिची नोंद होते, म्हणजे उत्तर गेटवेच्या लॉगमध्ये होतंच. पण दर वेळी कुणीतरी सर्व्हरवर जाऊन ग्रेप मारत (लॉगमध्ये शब्द शोधत) बसायचं, आणि काढलेला आकडा दोन दिवसांत शिळा व्हायचा. प्रॉडक्ट सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना वेबसाइटचे आकडे गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये बघायची सवय होती. मग एपीआयचा ट्रॅफिकही तिथेच पाठवू, असं ठरलं.

रचना साधी आहे. गेटवे काँग या सॉफ्टवेअरचा आहे. त्याचं एचटीटीपी लॉग प्लगइन प्रत्येक रिक्वेस्टची नोंद जेसनमध्ये आमच्या एका छोट्या सर्व्हिसकडे टाकतं. ती सर्व्हिस नको त्या नोंदी गाळते, उरलेल्यांचे गठ्ठे करते आणि मेझरमेंट प्रोटोकॉलवरून (सर्व्हरवरून थेट ॲनालिटिक्सला डेटा पाठवायच्या गूगलच्या पद्धतीने) पुढे पाठवते. एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त २५ इव्हेंट (म्हणजे नोंदी) जातात. मधली ही सर्व्हिस कंटाळा करून वगळू नका, एवढी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. गाळणं, झाकणं, नावं बदलणं ही सगळी कामं तिथेच होतात, आणि ॲनालिटिक्सकडे जायचा रस्ता अडला तरी गेटवेवरच्या खऱ्या ट्रॅफिकला धक्का लागत नाही. रस्ता मोकळा झाल्यावर साचलेल्या नोंदी मूळ वेळेसह पाठवता येतात, पण ७२ तासांच्या आतल्याच.

पहिला फटका पहिल्याच आठवड्यात बसला. टेस्टिंगमध्ये सगळं नीट दिसत होतं. प्रॉडक्शनला गेलो, आमच्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये ओळीने २०४ (यशाचा कोड) येत होते, आणि रिपोर्ट मात्र कोरा. प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये आम्ही जुनं सीक्रेट (डेटा पाठवायची गुप्त किल्ली) तसंच ठेवलं होतं. या प्रोटोकॉलचं वागणं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे: रिक्वेस्ट पोहोचली की यशाचा कोड येतो, आतला मजकूर चुकीचा असला तरी एरर येत नाही. आम्ही ते वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. आता दर तासाला एक ओळखीचा चाचणी इव्हेंट पाठवतो आणि तो रिपोर्टमध्ये उमटला का हे रोज सकाळी तपासतो. पेलोडचा साचा बदलला तर आधी डीबगच्या पत्त्यावर पाठवून बघतो. तिथे चुका शब्दांत सांगितल्या जातात आणि तिथले इव्हेंट रिपोर्टमध्ये मिसळत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'युजर' कोणाला म्हणायचं यावर. ब्राउझरमध्ये कुकी असते, त्यामुळे हा प्रश्न पडत नाही. एपीआयला कुकी नाही, पण क्लायंट आयडी द्यावाच लागतो. सुरुवातीला आम्ही प्रत्येक रिक्वेस्टला नवा यादृच्छिक आयडी दिला. युजरचा आलेख आणि रिक्वेस्टचा आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले, म्हणजे युजरच्या आकड्याला काही अर्थच उरला नाही. मग आयपी पत्त्यावरून आयडी बनवून पाहिला. एका नॅटमागे, म्हणजे एकाच सामायिक आयपी पत्त्यामागे, बसलेलं अख्खं ऑफिस एकच माणूस झालं, आणि मोबाइल नेटवर्कवरचा एकच माणूस दिवसात कितीतरी झाला. शेवटी गेटवेवर नोंदवलेल्या कन्झ्युमरचा (एपीआय वापरणाऱ्या ॲपचा) आयडी घेतला, त्यात आमचा सॉल्ट (एक गुप्त मजकूर) घालून हॅश केला, म्हणजे मूळ आयडी ओळखू येणार नाही असा बदलला, आणि तोच क्लायंट आयडी ठरवला. आता आमच्याकडे 'युजर' म्हणजे एपीआय वापरणारं एक ॲप. माणसं किती हे त्यातून कळत नाही, आणि ही गोष्ट डॅशबोर्डच्या माथ्यावरच लिहून ठेवली आहे, कारण नवीन आलेला प्रत्येक जण तिथेच फसतो.

याच्याच पोटातली एक चूक सविस्तर सांगते. इव्हेंट रिअलटाइममध्ये (आत्ता काय चाललंय ते दाखवणाऱ्या रिपोर्टमध्ये) दिसायला हवेत तर सेशन आयडी आणि एंगेजमेंट टाइम (युजर किती वेळ गुंतला) हे दोन्ही द्यावे लागतात. एंगेजमेंट टाइम मिलिसेकंदांत असतो. आमच्याकडे मिलिसेकंदांत एकच आकडा तयार होता, रिस्पॉन्सला लागलेला वेळ. तोच भरला. महिनाभराने डेटाबेसमधल्या एका इंडेक्सच्या गडबडीमुळे एपीआय आठवडाभर रखडत चालली, आणि त्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये युजर एंगेजमेंट वाढलेली दिसली. प्रॉडक्टच्या बैठकीत ती चांगली बातमी म्हणून सांगितलीही गेली. मी तिथे बसले होते, आणि तो आकडा कुठून येतोय हे लक्षात आल्यावर लगेच उठून सांगावं लागलं. त्याच दिवशी एंगेजमेंट टाइममध्ये १ हा ठरावीक आकडा टाकला आणि रिस्पॉन्सचा वेळ वेगळ्या कस्टम मेट्रिकमध्ये नेला. सेशन आणि एंगेजमेंटचे रिपोर्ट आम्ही आता उघडतच नाही. दर पाच मिनिटांनी येणाऱ्या पोलिंग क्लायंटचं सेशन सुरू कधी झालं आणि संपलं कधी, याला खरं उत्तरच नाही.

पाथचा घोळ अनेकांना ठाऊक असेल, तरी लिहिते. पाथ, म्हणजे रिक्वेस्टचा पत्ता, जसाच्या तसा पाठवला तर ऑर्डर क्रमांक ४८२१३ आणि ४८२१४ ही दोन वेगळी मूल्यं होतात. एका दिवसात ५०० हून अधिक वेगळी मूल्यं असलेलं डायमेन्शन गूगल हाय कार्डिनॅलिटीचं धरतं, आणि मग रिपोर्टमधल्या बऱ्याच ओळी 'अदर' या एका ओळीत गोळा होऊ शकतात. आमचंही तेच झालं. काँगच्या नोंदीत राउटचं (अशा सगळ्या पत्त्यांसाठी मिळून असलेल्या एका नियमाचं) नाव असतं, ते घेतलं आणि प्रश्न मिटला. मूल्याला १०० अक्षरांची मर्यादा आहे, तीही यात सहज पाळली जाते.

गाळण्याच्या यादीत हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का हे पाहणाऱ्या रिक्वेस्ट) पहिल्या दिवसापासून होते. ऑप्शन्स रिक्वेस्ट मात्र सुटल्या होत्या. ब्राउझरमधून दुसऱ्या ओरिजिनवर (दुसऱ्या डोमेनवर वगैरे) जाणाऱ्या कॉलआधी बऱ्याचदा प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी ऑप्शन्स रिक्वेस्ट, जाते, त्यामुळे वेब ॲपचे कित्येक कॉल दुप्पट मोजले जात होते आणि मोबाइल ॲपचे एकदाच. त्या दोघांची तुलना आम्ही दोन महिने करत होतो. ते आकडे सगळे बाजूला ठेवावे लागले.

गोपनीयतेबाबत आम्ही सुरुवातीपासून कडक राहिलो आणि त्याचं समाधान आहे. व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती ॲनालिटिक्समध्ये पाठवायला गूगलच्या अटींनुसार मनाई आहे. अट नसती तरी ती पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. क्वेरी स्ट्रिंगमध्ये लोक काय काय घालतात ते लॉग उघडून एकदा बघाच: ईमेल पत्ते, टोकन, कधी एपीआय की सुद्धा. त्यामुळे काय काढायचं याची यादी आम्ही केली नाही. काय जाऊ द्यायचं याची केली: हॅश केलेला कन्झ्युमर आयडी, राउट, मेथड, स्टेटस कोडचा गट, आवृत्ती, लागलेला वेळ. लॉगमधलं बाकी काहीच बाहेर पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पाच महिन्यांनी आमच्या एक्सप्लोरेशनमध्ये (ॲनालिटिक्समध्ये स्वतः मांडायच्या रिपोर्टमध्ये) जुन्या आवृत्तीवर कुणीच दिसेना. आम्ही तो राउट बंद करून ४१० ('हे आता इथे नाही' असा कोड) द्यायला लागलो. आठवड्याभरात एका ग्राहकाचा फोन आला, त्यांचा तिमाही हिशेब अडला होता. त्यांची जॉब (आपोआप चालणारं काम) तीन महिन्यांतून एकदाच चालते. आम्ही डेटा ठेवण्याची मुदत मुळात असते तशीच, २ महिन्यांची ठेवली होती, त्यामुळे आधीच्या तिमाहीतली त्यांची फेरी एक्सप्लोरेशनमधून निघून गेली होती. ठरीव रिपोर्टमधल्या एकत्रित आकड्यांना ही मुदत लागू होत नाही, पण आवृत्ती आणि कन्झ्युमर अशी आमची मांडणी एक्सप्लोरेशनमध्येच होती. राउट तासाभरात परत चालू केला. फोनवर मी त्यांची माफी मागितली, कारण विचारायला हवं होतं ते आम्ही. मुदत १४ महिन्यांवर नेली, आणि बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेसमध्ये निर्यातही सुरू केली. मोफत प्रॉपर्टीत रोजच्या निर्यातीला १० लाख इव्हेंटची मर्यादा असते. आमचा ट्रॅफिक त्यात मावतो. तुमचा मावत नसेल तर मधल्या सर्व्हिसमध्येच नमुना घ्यावा लागेल किंवा मोजणी एकत्र करून पाठवावी लागेल.

बिघाड पकडायला हे वापरू नका. डेटा पक्का व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात, आणि कस्टम मेट्रिकची सरासरी पाहून सर्वात हळू चाललेल्या रिक्वेस्ट कळत नाहीत. पर्सेंटाइल हवे तर बिगक्वेरीत क्वेरी लिहून काढतो. अलर्टसाठी आमची जुनी मॉनिटरिंग व्यवस्था तशीच चालू आहे.

कोण काय वापरतं, नवं एंडपॉइंट कोणी उचललं, कोण हळूहळू कमी होत चाललं, हे मात्र आता प्रॉडक्टचे लोक स्वतः बघतात, मला विचारत नाहीत. त्या तिमाही ग्राहकाची जॉब गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नव्या आवृत्तीवर चालली. मी रिअलटाइम उघडून बसले होते. जुना राउट सोमवारी काढतोय, आणि या वेळी उरलेल्या प्रत्येक कन्झ्युमरला आधी फोन झालेला आहे.