काटा, टेप, जिना की रिपोर्ट? वजन उतरवताना आनंद कशाचा मानायचा

वजन उतरवायचं ठरलं की घरात पहिली खरेदी होते ती वजनकाट्याची. मग रोज सकाळी त्यावर उभं राहायचं आणि दिवस कसा जाणार ते त्याच्या आकड्यावरून ठरवायचं. पण काटा मोजतो ते सगळं मिळून: चरबी, स्नायू, हाडं, पाणी, पोटातलं कालचं जेवण. आपल्याला कमी करायची असते ती चरबी, आणि तीही मुख्यतः पोटातली. म्हणून प्रगती कशाने मोजायची हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. नाहीतर शरीर चांगलं चाललेलं असताना माणूस आकड्याला कंटाळून सगळं सोडून देतो. हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा कौल आधीच सांगते. बहुतेकांसाठी पोटाचा घेर आणि दमसास ही मुख्य जोडी. रक्ताचे रिपोर्ट दर तीन महिन्यांनी, ज्यांना साखरेचा किंवा कोलेस्टेरॉलचा प्रश्न आहे त्यांनी तर नक्कीच. काटा आठवड्यातून एकदा. का, ते पुढे.

काटा

काट्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तो स्वस्त आहे, वापरायला शिकावं लागत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांचा कल बऱ्यापैकी दाखवतो. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक मोठी नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. तेव्हा काटा माळ्यावर टाकून द्या असं मी म्हणणार नाही.

त्याचा घोळ आहे तो रोजच्या आकड्यात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा रिकामा होतो आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरल्यासारखे वाटतात. ते मुख्यतः पाणी. एखाद्या लग्नाची पंगत झाली की तेच पाणी परत येतं आणि आपण कपाळाला हात लावतो. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. जिलबी-मठ्ठ्यासकट कितीही आडवा हात मारला तरी एका जेवणात तेवढं वर पडत नाही. लोणचं-पापड जास्त झाले तरी पाणी धरलं जातं, पाळीच्या आधीच्या दिवसांत धरलं जातं, आणि नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही धरलं जातं. म्हणजे ज्या आठवड्यात माणूस सर्वांत जास्त मेहनत करतो, नेमका त्याच आठवड्यात काटा हलत नाही.

याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे. आकडा उतरतोय म्हणजे चांगलंच चाललंय असं नसतं. उपाशी राहून वजन पाडलं तर स्नायूही जातात. साखर हाताबाहेर गेली तरी वजन झपाट्याने उतरतं. क्षयरोगात उतरतं, थायरॉईड ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी उतरतं. मुद्दाम काही न करता कपडे सैल व्हायला लागले तर पेढे वाटू नका, डॉक्टरकडे जा.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे शरीरात साठणारं पाणीच मोजायचं असतं आणि त्यासाठी काटाच लागतो.

टेप

आपल्या लोकांसाठी काट्यापेक्षा टेप का महत्त्वाची, याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकसारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, आणि चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं होतं. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण त्यांच्यात कमी असतात ते मुख्यतः स्नायू, चरबी तितकीशी कमी नसते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा बांधा आपल्या घराघरांत दिसतो. अशा माणसाला काटा ‘तुमचं ठीक आहे’ असं सांगतो आणि तिथेच फसवतो.

म्हणूनच भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा वेगळी धरतात: पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. लक्षात ठेवायला त्याहून सोपा एक नियम आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८० च्या आत.

मोजायची जागा मात्र नेमकी हवी. साडीची नाडी किंवा पँटचा पट्टा बांधतो ती ही जागा नव्हे, ती बहुतेकांची खाली सरकलेली असते. शेवटची बरगडी बोटाने चाचपा, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा आणि दोन्हींच्या मधोमध टेप धरा. सरळ उभं राहून, कपड्यावरून नाही तर अंगावर, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. मागच्या बाजूला टेप तिरकी होत नाही ना, ते आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो सकाळी.

टेपचेही दोष आहेत. हात बदलला की सेंटिमीटरभर फरक पडतो, पोट फुगलेलं असलं तरी पडतो. म्हणून दोनेक सेंटिमीटरचा फरक सलग दोनदा दिसला की मगच खरा धरावा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तिचा उपयोग नाही. पण तिच्या जमेची बाजू मोठी आहे. वजन महिनाभर अडून बसलेलं असताना घेर उतरत असतो, कारण चालणं आणि ताकदीचे व्यायाम चालू असले की पोटातली चरबी कमी होते आणि स्नायू टिकतात. ज्या महिन्यात काटा माणसाला हरवतो, त्या महिन्यात टेप त्याला सावरते.

कपडे, फोटो, शेजारीपाजारी आणि स्मार्ट काटा

हे चारही झटपट. कपड्यांचा पुरावा चांगला आहे, पण ताणले न जाणारे कपडे हवेत. लेगिंग आणि इलास्टिकची सलवार पाच किलोपर्यंत तोंड मिटून असतात, साडी तर त्याहून जास्त. शिवलेला ब्लाउज खरं सांगतो, जुनी जीन्सही. फोटो महिन्यातून एक, त्याच जागी, त्याच उजेडात. फोटो बघून मन खट्टू होणार असेल तर तो काढूच नका, त्यावाचून काही अडत नाही.

लोकांच्या बोलण्यावर प्रगती जोखू नका, हे मी कळकळीने सांगते. आपल्याकडे सहा महिने मेहनत केल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘अगं, चेहरा किती उतरलाय, बरं नाही का?’ आणि दिवाळीत दोन किलो वाढले की ‘आता कशी छान दिसतेस’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ते मोजमाप नव्हे.

स्मार्ट काटा तळपायांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा झाला यावरून चरबीचा अंदाज बांधतो. हा अडथळा शरीरातल्या पाण्यावर अवलंबून असतो. म्हणून सकाळचा आकडा वेगळा, घाम गाळून आल्यावरचा वेगळा. ‘व्हिसरल फॅट’ (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) म्हणून जो आकडा दिसतो तोही सूत्रातून काढलेला अंदाज. घरात असेल तर वापरा, पण मुद्दाम त्यासाठी पैसे घालू नका. तेच पैसे चांगल्या बुटांना घाला.

दमसास आणि ताकद

माझ्या मते खरा आनंद मानण्यासारखी गोष्ट ही आहे. एक कारण म्हणजे ती सगळ्यांत आधी दिसते. नेमाने चालायला लागल्यावर दोन-चार आठवड्यांतच फरक जाणवतो. त्या वेळी घेर नुकता हलायला लागलेला असतो आणि रिपोर्ट बदलायला अजून अवकाश असतो. सुरुवातीचा हा काळच सर्वांत नाजूक असतो, आणि टिकून राहायला काहीतरी हातात लागावं लागतं.

मोजायचं कसं? आपल्या रोजच्या वाटेवरचा एक चढ ठरवून टाका. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. मुंबईत स्टेशनचा पूल, नाहीतर स्वतःच्या इमारतीचा जिना. कितव्या पायरीवर थांबावं लागतं, आणि वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतं का, ते लिहून ठेवा. याच्या जोडीला खुर्चीची चाचणी: हात छातीशी धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं. म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीत ही चाचणी जगभर वापरतात आणि ती घरी करायला एक भक्कम खुर्ची व घड्याळ पुरतं. जमिनीवर मांडी घालून बसून हाताचा टेकू न घेता उठता येणं, हे तर आपल्या घरातलंच माप.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. गुडघ्यांच्या झिजेच्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाची पावलं हजारोंनी मोजा म्हणजे याचा अर्थ कळेल. काट्यावर ‘फक्त दोन किलो’ म्हणून नाक मुरडलं जातं, पण आजी देवळाच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढतात तेव्हा ते दोन किलो दिसतात.

या मापाचा दोष सांगायचा तर चरबी फारशी न उतरताही दम वाढू शकतो. पण दम वाढणं हीच मुळात हृदयासाठी चांगली गोष्ट आहे, त्यामुळे मला त्यात तोटा दिसत नाही.

रिपोर्ट

चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवर तीन वर्षं एक अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मंडळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ज्यांनी आहार-व्यायाम बदलला त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं सरासरी वजन जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. वजन हलत नाही म्हणून निराश झालेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. आत काहीतरी चांगलं चाललेलं होतं, आणि काट्याला त्याचा पत्ता नव्हता.

एचबीए१सी ही रक्ताची तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, म्हणून ती तीन महिन्यांच्या आत परत करण्यात अर्थ नाही. ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. बायकांनी एक लक्षात ठेवावं: लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन बरोबरच तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, १५० च्या खाली हवं, आणि गोड, मैदा, दारू कमी केल्यावर ते बऱ्यापैकी लवकर खाली येतं. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा.

रिपोर्टचा तोटा म्हणजे खर्च आणि वाट बघणं. पण इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना पर्याय नाही. वजन आणि घेर उतरायला लागले की तीच मात्रा जास्त पडून साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि त्यांनी एखादी गोळी कमी केली, तर घरात सण करावा इतकी ती मोठी गोष्ट आहे.

सण कसा करायचा

आपल्याकडे आनंद म्हणजे गोड, आणि मला त्यात पाप दिसत नाही. घरच्या पुरणपोळीने तीन महिन्यांची मेहनत वाया जात नाही. तरी बक्षीस असं निवडा की जे वाढलेल्या दमाला कामाला लावेल. घेर उतरला तर शिंप्याकडे जाऊन ब्लाउज मापाचे करून घ्या, सैल कपडे ‘लागतील परत’ म्हणून राखून ठेवू नका. पायऱ्या जमल्या तर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा आणि वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा.

कुणी काय निवडावं

बांधा बारीक पण पोट सुटलेलं: टेप, काट्याला जवळजवळ रजा. साखर किंवा रक्तदाब: टेप आणि रिपोर्ट. साठीच्या पुढचे: जिना आणि खुर्ची आधी, बाकी सगळं नंतर, कारण या वयात स्नायू गमावणं परवडत नाही. आकडा बघून जेवण टाकणारे किंवा दिवसभर स्वतःला बोल लावणारे, विशेषतः कॉलेजातली मुलंमुली: घरात काटा नकोच, आणि हे फार वाढलं तर समुपदेशकाशी बोलावं.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही सर्रास लिहून दिली जाऊ लागली आहेत. ती घेणाऱ्यांचा काटा भराभर उतरतो, आणि म्हणूनच त्यांनी खुर्चीची चाचणी महिन्यातून एकदा करावी. भूक मेल्यामुळे डाळ, उसळ, दही, अंडी सुटतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन उतरतंय पण ३० सेकंदांतला उठाबशांचा आकडा घसरतोय असं दिसलं, तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, आणि प्रथिनं व वजनं उचलण्याचा व्यायाम याबद्दल त्यांच्याशी नीट बोलून घ्या.