पावसाळ्यापुरतं झ्विफ्ट

गेल्या जूनमध्ये त्र्यंबक रोडवरून चिखलात न्हाऊन घरी आले, तेव्हा सासूबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा सायकलीकडे बघून विचारलं, "आधी कोणाला धुवायचं?" त्याच आठवड्यात ओळखीच्या एका सायकलवाल्याकडून वापरलेला स्मार्ट ट्रेनर घेतला, म्हणजे सायकल घरात जागेवरच चालवायचं, पडद्यावरच्या चढाप्रमाणे जड-हलकं होणारं यंत्र. मागचं चाक काढायचं, सायकल त्यावर चढवायची, लॅपटॉप स्टुलावर ठेवायचा, झालं. नाशिकच्या दोन बाय तीन मीटरच्या बाल्कनीत माझं झ्विफ्ट सुरू झालं. हे एक ॲप: आपण घरात पेडल मारायचं, पडद्यावर आपली सायकल खोट्या रस्त्यांवरून जाते.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले, हे कबूल करते. ॲपमध्ये वॉटोपिया नावाचं एक काल्पनिक बेट आहे, त्यात ज्वालामुखी आहे, समुद्राखालून काचेचा बोगदा आहे, सगळं छान आहे. पण चित्र बघून किती वेळ पेडल मारणार? वीस मिनिटांत सात वेळा घड्याळ बघायचे. खरी मजा स्ट्राव्हावर, म्हणजे राइडची नकाशासकट नोंद ठेवणाऱ्या ॲपवर. तिथे वॉटोपियातली माझी सकाळची राइड पॅसिफिक महासागरात, सॉलोमन बेटांजवळ दिसते. सासूबाई रोज विचारतात, "कुठवर गेलीस?" आता त्यांना खरंच सांगता येतं.

मग अल्प दु झ्विफ्ट सापडला. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटाची ही नक्कल: 12.2 किलोमीटर, 1036 मीटर चढाई, सरासरी साडेआठ टक्के चढ आणि 21 वळणं. प्रत्येक वळणाला पाटी आहे आणि दोन वळणांमधला वेळ बाजूला नोंदला जातो. माझ्यासारख्या बँकेत हिशेब तपासणाऱ्या बाईला एवढं पुरे. पहिल्यांदा 1 तास 52 मिनिटं लागली. सातव्या वळणानंतर मी स्वतःशी मोठ्याने बोलत होते, असं शेजारच्या काकू सांगतात. वर पोचल्यावर एक चक्र फिरतं आणि बक्षीस मिळतं. मला हातमोजे मिळाले, तेही पडद्यावरचे. खऱ्या हातांना फोड आले होते. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो वळणांचा तक्ता मैत्रिणीला दाखवत बसले.

तेव्हापासून सकाळी उठायला कारण मिळालं. अकरावं ते चौदावं वळण माझं नेहमी ढेपाळायचं, म्हणून तेवढ्यासाठी आठवड्यातून एक दिवस ठरवून इंटरव्हल केले, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू. आधी सोपी रॅम्प टेस्ट दिली. दर मिनिटाला दहा वॉट वाढतात, पाय थांबले की संपलं. शेवटच्या मिनिटाच्या 75 टक्के धरून एफटीपी ठरतो, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद. माझा 128 वॉट निघाला. सप्टेंबरअखेर 145 झाला आणि घाट 1 तास 38 मिनिटांवर आला. तरुण पोरं तासाच्या आत चढतात, त्यांचं त्यांना.

नवख्यांसाठी दोन गोष्टी. सेटिंगमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' असते, ती मुळात 50 टक्क्यांवर असते. म्हणजे दहा टक्क्यांचा चढ पायाला पाच टक्क्यांसारखा लागतो. यात फसवाफसवी काही नाही, वर जायला वॉट तेवढेच लागतात, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. मी आठवडाभर ती शंभरावर ठेवून गुडघे दुखवून घेतले. दुसरी, एर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॉट काढूनच घेतो. पाय मंदावले तर तो आणखी जड होतो आणि मग सुटका नाही. दम लागला तरी पेडल फिरती ठेवायची.

आणि ॲपमध्ये स्वतःचं वजन खरं लिहा, वेग त्यावरूनही ठरतो. मी 62 च्या जागी 58 लिहिलं होतं. चढावर अचानक वेग वाढला म्हणून खूश होते, तर नवरा म्हणाला, "अगं, चार किलो कुठे सोडलेस?"

ग्रुप राइडचं गणित आपल्याला बरं जमतं. पहाटे साडेपाचला मी बसते तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. लोक ऑफिस सुटून आलेले असतात, घोळका दाट असतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की खऱ्या रस्त्यासारखी ताकद वाचते. कुणीतरी अनोळखी 'राइड ऑन'चा अंगठा पाठवतो. तेवढ्याने उगाच पाच वॉट वाढतात, माझे तरी वाढतात.

बाल्कनीत वारा नसतो, म्हणून मोठा पंखा हवाच, ट्रेनरच्या खर्चातच तो धरा. घाम हँडलवर ठिबकतो, टॉवेल टाका, नाहीतर बोल्ट गंजतात. खालच्या मजल्यावरून घरघरीची तक्रार आली तेव्हा ट्रेनरखाली जुनी गादी घातली. तक्रार थांबली, पण सायकल डुलायला लागली, म्हणून शेवटी रबरी मॅट आणली.

आता पैसे. दरमहा 19.99 डॉलर, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये. वर्षाचे एकदम भरले तर 199.99. मायवूश हे ॲप फुकट आहे आणि ज्याला फक्त घाम गाळायचाय त्याने खुशाल ते घ्यावं. मी चारच महिने भरते, जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात सबस्क्रिप्शन बंद करते आणि चाक परत सायकलीला लावते. यंदा जूनमध्ये पुन्हा सुरू करायच्या आधी बारावं वळण कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंय: 5 मिनिटं 10 सेकंद. सासूबाईंना वाटतं तो कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब आहे.