डिस्कसला घरचं कोळंबी-पालकाचं खाणं: नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात सहा डिस्कस मासे आणले तेव्हा एकेक जेमतेम अडीच इंचांचा होता. आज त्यातले पाच जण पाच इंचांच्या पुढे गेलेत, सहावा चारवरच अडकलाय. टँक चार फुटी आहे, साधारण २५० लिटरचा. तळाला वाळू नाही, दोन स्पंज फिल्टर आहेत आणि पाणी २९-३० अंशांवर असतं. मासे निवडायला मी महिना घालवला, पण ते खाणार काय याचा विचार घरी आणल्यावर केला. ही चूक मोठी होती.

पहिले चार दिवस कुणी ग्रॅन्युल्सना, म्हणजे दाणेदार खाद्याला, तोंड लावेना. ओळखीच्या दुकानातून सल्ला मिळाला, ‘जिवंत ट्युबिफेक्स द्या, लगेच अंग धरतील.’ ट्युबिफेक्स म्हणजे दोऱ्यासारखे बारीक किडे. दिलं, आणि मासे अक्षरशः तुटून पडले. तिसऱ्या आठवड्यात एक जण काळवंडला, कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडू लागली. ट्युबिफेक्स सांडपाण्याच्या गाळात वाढतं, त्यामुळे ते कितीही धुतलं तरी मनात शंका राहतेच. आजार त्यामुळेच झाला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण जागा बदलल्याचा ताणही होताच. पाणी ३२ अंशांवर नेलं, हवेचा पंप वाढवला, मेट्रोनिडाझोल हे औषध दिलं आणि रोज एक तृतीयांश पाणी बदललं. अकराव्या दिवशी त्याने पहिला घास घेतला. चार इंचांवर राहिलेला तो हाच. वाढीच्या वयात उपास पडला तर डिस्कस ती कसर सहसा भरून काढत नाही. ट्युबिफेक्स तेव्हापासून बंद आहे.

मग टेट्रा बिट्स (टेट्रा कंपनीचं दाणेदार खाद्य) सुरू केले. टँकच्याच पाण्यात पाच मिनिटं भिजवून, त्यात वितळलेलं फ्रोझन ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) मिसळायचं आणि दर दोन दिवसांनी ब्लडवर्म थोडं कमी करायचं. दहा-बारा दिवसांत नुसते बिट्स खायला लागले. भिजलेले दाणे हळूहळू खाली जातात, त्यामुळे बुजऱ्या माशालाही घास मिळतो. एक इशारा देतो: ब्लडवर्मची, त्यातही सुक्याची, काहींना ॲलर्जी असते. माझ्या बायकोचे डोळे सुजले होते. हातमोजे घाला आणि डबा उघडल्यावर तोंड त्यावर नेऊ नका.

आता मुख्य विषय. जगभर डिस्कस पाळणारे बीफहार्टचं (गुराच्या हृदयाच्या मांसाचं) मिश्रण देत आलेत. त्याने वाढ झपाट्याने होते हे खरं आहे, पण ते पाणीही तितक्याच झपाट्याने बिघडवतं. शिवाय अमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा बुडालेल्या फांद्यांवरचं शेवाळ, कुजका पाला आणि बारीक पाणकिडे टिपत असतो. म्हणून मी कोळंबी आणि पालकावर आलो.

पहिला घाणा जिलेटिन घालून केला. फ्रीजरमधून काढलेला तुकडा छान घट्ट असायचा, पण टँकमध्ये दोन-तीन मिनिटांत विरघळून पाणी दुधाळ व्हायचं. मी तीनदा कोळंबीला दोष दिला. खरं कारण साधं होतं: जिलेटिन तिशीच्या आसपासच्या तापमानाला सैल पडतं, आणि डिस्कसचा टँक नेमका तेवढाच गरम असतो. गोल्डफिशसाठी लिहिलेली कृती इथे चालत नाही. आईने एका वाक्यात उत्तर दिलं, ‘अरे, चायना ग्रास घाल ना, ते बाहेर ठेवलं तरी पाझरत नाही.’ एकदा धरलेलं चायना ग्रास उकळत्या पाण्याजवळ गेल्याशिवाय वितळत नाही.

माझं प्रमाण असं: सोललेली, काळा दोरा काढलेली कोळंबी ५०० ग्रॅम, उकळत्या पाण्यातून काढून पिळलेला पालक १०० ग्रॅम, साल काढलेले उकडलेले मटार मूठभर, लसणाच्या चार पाकळ्या, दोन चमचे स्पिरुलिना पावडर. मीठ-तेल काही नाही. हे मिक्सरला ओबडधोबड वाटायचं. १० ग्रॅम चायना ग्रास एक कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं आणि किंचित निवल्यावर ओतून भराभर ढवळायचं. वाटण फ्रिजमधून काढलेलं गार असेल तर चायना ग्रासच्या लगेच गुठळ्या होतात, म्हणून ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. झिपच्या पिशव्यांत पाव इंचाहून पातळ थापून, सुरीच्या पाठीने चौकोनी खुणा पाडून फ्रीजरमध्ये ठेवा. हवा तेवढा तुकडा चॉकलेटसारखा मोडता येतो. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा. आमच्याकडे आई शाकाहारी आहे, त्यामुळे हा नियम पहिल्या दिवसापासून पाळतोय.

लहान असताना दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यायचो, आता तीन वेळा देतो: सकाळी आणि रात्री बिट्स, संध्याकाळी मिश्रण. दहा मिनिटांनी जे उरेल ते नळीने ओढून घेतो. हे मी एकदाही चुकवत नाही, कारण ३० अंशांच्या पाण्यात प्रथिनं सडायला वेळ लागत नाही. मिश्रण चालू ठेवायचं तर पाणी बदलणं वाढवावंच लागतं. मी एक दिवसाआड ४० टक्के बदलतो, रात्रभर पिंपात हवा सोडून ठेवलेलं आणि टँकइतकंच कोमट. ज्यांना आठवड्यातून एकदाच जमतं, त्यांनी बिट्सवरच राहावं. मासे थोडे सावकाश वाढतील, पण निरोगी राहतील.

मार्चमध्ये चार दिवस गावी गेलो तेव्हा मासे सांभाळणाऱ्या शेजारच्या मुलाकडे मिश्रण दिलंच नाही. रोजच्या बिट्सच्या चार पुड्या करून ठेवल्या आणि बाकीचा डबा कपाटात कुलुपात ठेवला. परत आलो तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

१ जून ते ३१ जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि कोळंबीचा भाव चढतो. कोळीण मावशींनी आधीच बजावलं होतं, म्हणून मेअखेरीस एक किलो घेऊन दुप्पट घाणा करून ठेवला. त्यातल्या तीन पिशव्या अजून शिल्लक आहेत. चार इंचांवर अडकलेल्या धाकट्या माशाला आता संध्याकाळी इतरांच्या आधी वेगळ्या कोपऱ्यात भरवतो. हात दिसला की तो काचेपाशी येतो आणि चिमटीतला तुकडा ओढून नेतो.