डोंगरातला कळप लांडग्यापासून राखायचा तर कशानं? कुत्री, झटका जाळी, झालरी आणि गाढव

लांडगा कळपावर येतो तो बहुतेक रात्री, पहाटे, नाहीतर धुक्या-पावसात. डोंगरात तो दिवसाही येतो, कारण चढउतारावर कळपाचं एक ना एक टोक मेंढपाळाच्या नजरेआड असतंच. म्हणून उपाय निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा. मेंढ्या रात्री एका जागी बसतात का? आणि त्यांच्याजवळ माणूस झोपतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा कोणताही उपाय अर्धामुर्धाच चालेल. पैसे खर्च करण्याआधी ही घडी बसवावी.

राखणीची कुत्री

मेंढ्या वळणारा कुत्रा वेगळा आणि राखणारा वेगळा. बॉर्डर कोली दबा धरून, डोळे रोखून मेंढ्यांना हलवतो. ती शिकारीचीच चाल आहे, फक्त शेवटचा चावा गाळलेली. राखणीच्या कुत्र्यात ही चाल अजिबात नको. त्याने मेंढ्यांत मिसळून झोपावं आणि बाहेरून काही आलं की मध्ये उभं राहावं. पिरेनीज पर्वतातला मोठा पांढरा कुत्रा, इटलीचा मारेम्मा, तुर्कस्तानचा कांगल, बल्गेरियाचा काराकाचान आणि हिमालयातला भोटिया या सगळ्या जाती याच कामाच्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या कुत्र्यांचा अभ्यास सुरू करणाऱ्या रेमंड कॉपिंजर यांनी तीन कसोट्या लावल्या होत्या: कळपाला इजा करत नाही, कळप सोडत नाही आणि धोक्याला आडवा जातो. क्रमही हाच ठेवावा. शूर पण कळपात न टिकणारा कुत्रा काही कामाचा नाही.

कुत्रा लांडग्याशी रोज झुंजतो असं नाही. भुंकून, मूत्राच्या खुणा करून आणि ऐन वेळी समोर येऊन तो हल्ल्याचा डाव मोडतो. जखमी लांडगा उपाशी मरतो, त्यामुळे लांडगाही उगाच धोका पत्करत नाही. पण एकटा कुत्रा सापडला तर टोळी त्याला मारून खातेसुद्धा. म्हणून किमान दोन कुत्री हवीत: एक पुढे धावणारा, एक मेंढ्यांपाशी थांबणारा. कळप काही शेकड्यांचा असेल आणि पांगून चरत असेल तर चार-पाच लागतात, तीही वेगवेगळ्या वयांची. एकाच वेताची दोन पिल्लं एकदम आणू नका. ती मेंढ्यांपेक्षा एकमेकांना जास्त धरून राहतात.

पिल्लू आठव्या आठवड्याच्या सुमारास गोठ्यात, चार-सहा शांत मेंढ्या आणि कोकरांबरोबर ठेवायचं. कोपऱ्यात फळ्या ठोकून अशी जागा करा की पिल्लू आत जाईल, मेंढी नाही. तिथंच त्याचं खाणं-पाणी. नाहीतर मेंढ्या त्याचं खाणं संपवतात, आणि एकदा जोराची धडक बसली की पिल्लू मेंढ्यांना कायमचं बिचकतं. सोळाव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्यात वाढलं तेच त्याचे आपले. पिल्लाला माणसाचा हात लागूच द्यायचा नाही, हा जुना सल्ला मात्र मानू नका. पकडता येत नाही, बांधता येत नाही, सुई टोचून घेत नाही असा कुत्रा डोंगरात डोकेदुखी होतो. रोज दहा मिनिटं हाताळा, पट्ट्याची सवय लावा, पण घरात आणू नका.

खरा त्रास सहाव्या ते चौदाव्या महिन्यात होतो. कोकराचे कान ओले दिसतात, मानेवरची लोकर लाळेने चिकटलेली असते, एखादं लंगडायला लागतं. हा कुत्र्याचा खेळ असतो, पण त्यात कोकरू मरू शकतं. असं दिसलं की त्याला कोकरांतून काढून थोराड मेंढ्या आणि एडक्यांत ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर गळ्यात लोढणं अडकवा. धावताना लाकूड पुढच्या पायांवर आपटेल आणि चालताना त्रास होणार नाही, इतक्या उंचीवर. बहुतेक कुत्री यातून बाहेर पडतात. पूर्ण भरवशाचा कुत्रा व्हायला दोन वर्षं धरा.

५० किलोच्या कामाच्या कुत्र्याला रोज ८०० ग्रॅम ते १ किलो कोरडं खाद्य लागतं, थंडीत जास्त. मेलेल्या मेंढीचं काळीज, फुप्फुस किंवा डोकं त्याला कच्चं घालू नका. त्यातून पट्टकृमी कुत्र्यात जातात, कुत्र्याच्या विष्ठेतून पुन्हा मेंढ्यांत आणि माणसांत. मेंढी एकाच बाजूला गोल फिरू लागली तर तिच्या मेंदूत याच कुळातल्या कृमीची गाठ असू शकते. पट्टकृमीवरचं औषध प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी आणि रेबीज, डिस्टेंपर, पार्व्होच्या लसी वेळेवर, हा खर्च टाळता येणारा नाही. मेंढ्यांसाठीचं जंतांवरचं औषध आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला पाजणं जीवघेणं ठरू शकतं.

दुसरी मोठी अडचण येणाऱ्या-जाणाऱ्यांची. चरणीतून पायवाट जात असेल तर भुंकणारा कुत्रा चालेल, चावणारा नाही. कांगल कळपापासून लांबपर्यंत जाऊन बघून येतो. पिरेनीज आणि मारेम्मा सहसा जवळ राहतात, म्हणून वर्दळीच्या डोंगरात ते बरे. तरीही जातीपेक्षा आई-बाप मेंढ्यांत काम करतात का, हे आधी बघा. प्रदर्शनातल्या वंशाचं पिल्लू दिसायला देखणं असेल, पण कामाचं निघेल याची खात्री नाही.

खिळ्यांचा पट्टा इटलीत आणि हिमालयात जुना आहे. मान वाचवतो हे खरं, पण रुंद घ्या आणि खालची कातडी सोलली तर नाही ना ते आठवड्याला पाहा.

झटका जाळी

हा रात्रीचा उपाय, आणि रात्रीपुरता कुत्र्यांपेक्षा लवकर गुण देणारा. विजेची मेंढीजाळी साधारण ५० मीटरच्या गुंडाळीत मिळते. उंची निदान ९० सेंटीमीटर, लांडग्यासाठी १२० बरी. चार गुंडाळ्यांत ५० बाय ५० मीटरचा वाडा होतो. वाडा लहान करायचा मोह आवरा. बाहेर लांडगा फिरला की मेंढ्या एका बाजूला रेटतात आणि जाळी आतून पडते. मग सगळा कळप मोकळा.

लांडगा उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो. खालची जिवंत तार जमिनीपासून २० सेंटीमीटरच्या आत असावी आणि खळगे दगड-मातीने बुजवावेत. जाळीत सगळीकडे निदान ३००० व्होल्ट, शक्यतो ४००० हवेत. मोजायचे झटका देणाऱ्या मशीनपासून सर्वात लांबच्या टोकाला, रोज संध्याकाळी. आकडा कमी आला तर आधी अर्थिंग बघा. डोंगरातली कोरडी खडकाळ जमीन वीज परत नेत नाही. मीटरभर लांबीच्या दोन-तीन सळ्या ओलसर जागी ठोका, भोवती पाणी ओता. मग तारेला टेकलेलं गवत कापा.

उतारावर आणखी एक फसगत होते. वरच्या अंगाला जाळी बांधाला चिकटून लावली तर १२० सेंटीमीटरची जाळी बांधावर उभ्या लांडग्याला ६०चीच उरते. बांधापासून दोन-तीन मीटर सोडा. बंद पडलेली जाळी तशीच उभी ठेवू नका. तीत शिंगाच्या मेंढ्या आणि कोकरं अडकून मरतात, आणि लांडग्याची भीती मोडते ती वेगळीच.

जिथे खुंटी जात नाही अशा निव्वळ खडकावर जाळीचा नाद सोडावा.

झालरी आणि दिवे

दोरीला ५० सेंटीमीटर लांब, १० रुंद लाल पट्ट्या ५० सेंटीमीटर अंतराने लोंबत्या ठेवल्या की लांडगा ती रेषा ओलांडायला कचरतो. पूर्व युरोपात शिकारी हाच डाव लांडगे कोंडायला वापरत. कॅनडातल्या चाचण्यांत हा उपाय ६० दिवसांपर्यंत टिकला. कोकरं जन्मण्याच्या हंगामापुरता एवढा काळ चांगला आहे, वर्षभर लावून ठेवलात तर लांडगा सरावतो. वाऱ्याने पट्ट्या दोरीला गुंडाळतात, म्हणून रोज फेरी मारून त्या सोडवाव्या लागतात. लुकलुकत्या दिव्यांचंही तेच: जागा बदलत राहा.

गाढव, लामा (दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला प्राणी)

कोल्हा किंवा एकटं भटकं कुत्रं असेल तर उपयोग होतो. लांडग्यांच्या टोळीला मात्र गाढव म्हणजे आणखी एक शिकार. तरीही ठेवायचंच असेल तर मोनेन्सिन (गुरामेंढ्यांच्या खाद्यात मिसळतात ते औषध) घातलेलं खाद्य त्याच्या तोंडी लागू देऊ नका, ते गाढवाला विष आहे.

मग निवड कशी करायची

कळप मोठा, दिवसभर उंचावर फिरता आणि मेंढपाळ सोबत असेल तर कुत्र्यांना पर्याय नाही. रात्री जाळीची जोड द्या आणि निदान एक कुत्रा जाळीबाहेर मोकळा ठेवा. सगळी आत कोंडली तर लांडगा जाळीपर्यंत येऊन कळप बिथरवतो. कुत्र्यांना जाळीचा झटका आधी, दिवसा, माणूस समोर असताना कळू द्या.

पन्नास-साठ मेंढ्या असतील आणि त्या रोज संध्याकाळी एकाच सपाट जागी परत येत असतील तर फक्त जाळी पुरते. दोन मोठी कुत्री वर्षभर पोसणं अशा कळपाला जड जातं. मेंढ्या आठवडाभर एकट्या सोडून द्यायच्या असतील तर त्यांच्याबरोबर कुत्री सोडू नका. खाणं देणारा नाही, जखम बघणारा नाही, वाटसरूंना सांगणारा नाही. अशी कुत्री हरणांमागे लागतात किंवा गावात उतरतात.

हल्ले याच हंगामात सुरू झाले असतील तर आज आणलेलं पिल्लू यंदा काहीच करणार नाही. आत्ता जाळी आणि झालरी लावा. काम करणारा मोठा कुत्रा विकत मिळाला तर त्याला दोन-तीन आठवडे तुमच्या मेंढ्यांजवळ वाड्यात बांधून ठेवा, मगच सोडा. नव्या कळपाची ओळख पटण्याआधी सोडलेला कुत्रा जुन्या कळपाच्या शोधात निघतो. पिल्लू मात्र याच वर्षी आणा, म्हणजे ते मोठ्याच्या मागे फिरून शिकेल.