रोजचे ११० किलोमीटर आणि चार इंधने: कोणती गाडी परवडेल, कोणती सोसवेल

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीने जायचे ठरवले, तर एका बाजूचे अंतर सुमारे ५५ किलोमीटर भरते. महिन्याचे २३ कामाचे दिवस धरले तरी वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. घरची गाडी वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर चालते असे गृहीत धरून दिलेला सल्ला येथे उपयोगी पडत नाही, कारण तिप्पट अंतराला इंधनाचा खर्च, सर्व्हिसिंग, वॉरंटी आणि पाठीची सहनशक्ती या साऱ्यांचे गणित बदलते. या वाटेचे तीन वेगवेगळे तुकडे आहेत: खराडीपर्यंत सिग्नलांचे शहर, तेथून वाघोली, केसनंद फाटा आणि लोणीकंदपर्यंत मुंगीच्या पावलाने सरकणारी कोंडी, आणि शिक्रापूरच्या पुढे तुलनेने मोकळा, परंतु कंटेनर व ट्रकांनी भरलेला महामार्ग. यांपैकी एकाच तुकड्यावर उत्तम असणारी गाडी अशा माणसाच्या कामाची नाही.

कंपन्या जाहिरातीत जो मायलेजचा आकडा देतात तो अधिकृत चाचणीतला असतो. गंमत अशी की ही चाचणी करणारी प्रमुख संस्था, एआरएआय, कोथरूडच्याच उशाला असलेल्या वेताळ टेकडीवर आहे. मात्र प्रयोगशाळेत रोलरवर चालणाऱ्या गाडीला वाघोलीचा चौक लागत नाही. मारुती डिझायरचा सीएनजीवरचा अधिकृत आकडा किलोला ३३.७३ किलोमीटर आहे आणि टोयोटा हायरायडर हायब्रिडचा (म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची जोड असलेल्या गाडीचा) लिटरला २७.९७ किलोमीटर. हे आकडे दोन गाड्यांची आपापसांत तुलना करायला बरे, पण घरखर्चाच्या वहीत मांडायला नव्हेत. म्हणून पुढील हिशेबात मी सावध आकडे धरले आहेत: छोट्या पेट्रोल गाडीला लिटरला १८, सीएनजीला किलोला २६, डिझेलला लिटरला १९, हायब्रिडला लिटरला २२ किलोमीटर, आणि विजेच्या गाडीला चार्जिंगमधील गळती धरून १०० किलोमीटरला १५ युनिट. दर म्हणून पेट्रोल १०४, डिझेल ९१ आणि सीएनजी ९० रुपये घेतले आहेत. दर हलतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या पंपावरचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा. गाड्यांचा क्रम फारसा बदलत नाही.

वर्षाचा खर्च असा येतो. पेट्रोल सुमारे १ लाख ७३ हजार, डिझेल १ लाख ४४ हजार, हायब्रिड १ लाख ४२ हजार, सीएनजी १ लाख ४ हजार. विजेच्या गाडीचा आकडा मुद्दाम येथे दिलेला नाही, कारण तो एकच आकडा नसून तीन आहेत, आणि सगळा निर्णय त्या तिन्हींतल्या फरकावर उभा आहे.

साध्या पेट्रोल गाडीचा विचार येथेच संपवता येतो. इतक्या अंतराला ती परवडत नाही, आणि २०२५ पासून सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मायलेजमध्ये आणखी थोडी घट आणली आहे. ज्याचे रोजचे अंतर ४० किलोमीटरच्या आत आहे त्याने ती खुशाल घ्यावी.

सीएनजीचे पैसे आणि सीएनजीचा वेळ

खरेदीच्या वेळी सीएनजीची बाजू भक्कम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यातच महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खाजगी गाडीला रस्ता कर पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के असताना सीएनजीला तो वाढीनंतरही ८ टक्केच आहे. डिझायर सीएनजी ही या गटातली नमुन्याची गाडी मानावी: नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवलेली, सुटे भाग कुठेही मिळणारी आणि विकायला सोपी.

तिच्या उणिवा मात्र याच वाटेवर बोचतात. पेट्रोलवर सुमारे ८२ पीएस (अश्वशक्तीचे माप) देणारे तिचे इंजिन सीएनजीवर ७० पीएसच्या आसपास येते, त्यामुळे शिक्रापूरच्या पुढे ट्रक ओलांडताना एक गिअर खाली घेऊन वाट पाहावी लागते. सिलिंडरमुळे डिकी बरीचशी जाते. आणि ती मॅन्युअल गिअरमध्येच मिळते, हा मुद्दा पुढे सविस्तर येईल. ज्यांना सीएनजी हवा आहे पण क्लच नको, त्यांच्यासाठी टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीसोबत एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप बदलणारा गिअर आणला; दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवल्यामुळे वर एखादी बॅग ठेवण्याइतकी जागाही उरते.

खरी किंमत वेळेची आहे. सीएनजीच्या टाकीत आठ ते नऊ किलो वायू मावतो, म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटरची सोय, म्हणजेच एक दिवसाआड पंप. संध्याकाळी रिक्षा, टॅक्सी आणि खाजगी गाड्यांच्या रांगेत अर्धा तास गेला, तर महिन्याला सहा तास तिथेच जातात, आणि दाब कमी असेल तर रांगेत थांबूनही टाकी पूर्ण भरत नाही. ज्याची पाळी पहाटे सुरू होते किंवा रात्री उशिरा सुटते त्याला पंप मोकळा मिळतो आणि सीएनजीसारखे स्वस्त साधन नाही. ठरलेल्या नऊ ते सहाच्या नोकरीवाल्याने आपल्या वाटेवरचा पंप गाडी घेण्याआधी आठवडाभर त्याच वेळेला पाहून यावा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी बंधनकारक आहे, तिचाही दिवस मोडतो.

वीज: सॉकेट कुठे आहे?

वर्षाला ३०,००० किलोमीटरला ४,५०० युनिट, म्हणजे महिन्याला ३७५ युनिट लागतात. महावितरणकडून वाहन चार्जिंगच्या वर्गवारीत वेगळे मीटर घेऊन युनिट ९ रुपयांच्या आसपास पडले, तर वर्षाचा खर्च ४० हजार रुपये. तेच चार्जिंग घरच्या मीटरवर केले, तर फ्रिज, गिझर आणि एसीच्या वापरावर हे ३७५ युनिट चढतात, बिल ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात जाते, आणि तिथला दर १७ रुपये धरला तर खर्च ७६ हजारांवर पोहोचतो. सोसायटीने परवानगी नाकारली आणि रस्त्यावरच्या जलद चार्जरवर २२ रुपये युनिटने अवलंबून राहावे लागले, तर आकडा ९९ हजार होतो. म्हणजे सीएनजीइतकाच खर्च, शिवाय चार्जरपाशी थांबणे. ‘विजेची गाडी रुपयात किलोमीटर चालते’ हे वाक्य फक्त वेगळे मीटर घेतलेल्या पहिल्या माणसासाठी जवळपास खरे आहे. म्हणून शोरूमच्या आधी सोसायटीच्या कार्यालयात जावे, आणि कंपनीच्या वाहनतळावर चार्जिंगची सोय आहे का हे मनुष्यबळ विभागाला विचारावे.

सॉकेट मिळत असेल तर बाकीच्या शंका बहुधा फोल ठरतात. रोजच्या ११० किलोमीटरला साडेसोळा युनिट लागतात, आणि एसीसाठी असतो तसा साधा १६ अँपिअरचा पॉइंट ते पाच-सहा तासांत, झोपेच्या वेळात भरून देतो. भिंतीवरचा मोठा चार्जर असला तर बरे, नसला तर अडत नाही. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तासाच्या (म्हणजे ४५ युनिटांच्या) बॅटरीची अधिकृत धाव ४८९ किलोमीटर सांगतात. प्रत्यक्षात ३०० धरली तरी दोन दिवस भागतात. २४ किलोवॅट-तासाच्या टियागो ईव्हीला मात्र रोज रात्री चार्जिंग करावेच लागेल, आणि एखाद्या रात्री वीज गेली तर सकाळी ताण येईल. त्या मानाने मोठ्या बॅटरीची पंच ईव्ही हा मला या वाटेसाठी अधिक शहाणपणाचा पर्याय वाटतो.

विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे रस्ता कर माफ आहे. त्याच धोरणाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली आहे. रांजणगावच्या प्रवाशाला तिचा काही उपयोग नाही, परंतु पनवेल किंवा नवी मुंबईहून द्रुतगतीने पुण्याला ये-जा करणाऱ्याचा पूर्ण हिशेब ती एकटीच फिरवू शकते.

एका आकर्षक योजनेपासून मात्र सावध राहावे. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरी भाड्याने घेतल्यास गाडी ९ लाख ९९ हजारांत मिळत होती आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये होते. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हे सोयीचे असेल. आपल्या ३०,००० किलोमीटरला नुसते भाडेच १ लाख ५ हजार होते आणि वीज त्यावर वेगळी. विंडसर ऐसपैस आणि आरामदायी गाडी आहे, पण लांबच्या रोजच्या प्रवासाला ती बॅटरीसकट विकत घ्यावी.

हायब्रिड आणि डिझेल

हायरायडर किंवा तिची जुळी बहीण ग्रँड व्हिटारा यांचा हायब्रिड प्रकार कोंडीत आपले कसब दाखवतो: वाघोलीत गाडी सरकत असताना इंजिन बहुतेक वेळ बंद राहते आणि ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ऊर्जा छोट्या बॅटरीत परत येते. मोकळ्या महामार्गावर ही बचत कमी होते. चार्जर नको, रांग नको, टाकी भरली की आठवडाभराची निश्चिंती, हे तिचे मोठे सुख आहे. परंतु ती चार मीटरपेक्षा लांब असल्याने ४० टक्के जीएसटीच्या गटात पडते, किंमत सोळा-सतरा लाखांच्या पुढे जाते आणि इंधनाला सीएनजीपेक्षा वर्षाला ३८ हजार जास्त लागतात. थोडक्यात, हायब्रिड बचतीसाठी घेण्याची गाडी नाही; ज्याला सॉकेट मिळत नाही, रांगेत उभे राहायचे नाही आणि थोडे जास्त पैसे मोजण्याची तयारी आहे, त्याने ती आरामासाठी घ्यावी. होंडा सिटी हायब्रिड महामार्गावर अधिक स्थिर वाटते, पण सेडानच्या खोल आसनात दिवसातून अनेकदा बसणे-उठणे गुडघ्यांना आवडेल का, हे पाहावे.

डिझेलचा काळ सरला असे सरसकट म्हटले जाते, मारुतीने तर एप्रिल २०२० मध्येच डिझेल सोडले. तरीही किया सॉनेटसारख्या छोट्या डिझेल ऑटोमॅटिकचा खर्च या हिशेबात हायब्रिडच्या बरोबरीने येतो आणि खरेदीची किंमत बरीच कमी पडते, हे मलाही थोडे अनपेक्षित होते. आधुनिक डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर छोट्या फेऱ्यांत तुंबतो. रोज शिक्रापूरच्या पुढे वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने धावणाऱ्या गाडीला तो त्रास सहसा होत नाही. चार सहकारी मिळून जाणार असतील तर भरल्या गाडीला ओढ देणारे डिझेल इंजिन मला सीएनजीपेक्षा उजवे वाटते.

शरीराचा हिशेब

रोज तीन तासांहून अधिक काळ गाडीत जाणार असेल, तर दोन पेडलांची गाडी ही चैन राहत नाही. कोंडीत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो आणि डावा गुडघा व कंबर त्याची दखल वर्षभरात घेतात. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. एएमटी स्वस्त आहे, पण गिअर बदलताना मान किंचित पुढे-मागे होते आणि चढावर गोंधळते. टॉर्क कन्व्हर्टर आणि हायब्रिडची रचना बरीच गुळगुळीत. विजेच्या गाडीत गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, आणि इंजिनाची थरथर नसल्याने संध्याकाळी घरी पोहोचल्यावर जाणवणारा थकवा सर्वांत कमी असतो. माझ्या मते पैशांच्या बचतीइतकाच हा विजेच्या गाडीच्या बाजूचा मुद्दा आहे.

आसन पाहताना गादीचा मऊपणा फसवतो. मांडीला गुडघ्याजवळपर्यंत आधार मिळतो का, आसनाची उंची आणि स्टीअरिंग दोन्ही आपल्या शरीराप्रमाणे बसते का, हे पाहावे. शोरूमची दहा मिनिटांची फेरी यासाठी पुरत नाही. एक दिवस तीच गाडी भाड्याने घेऊन आपल्याच वेळेला आपल्याच वाटेने जाऊन यावे, आणि शक्य तर परतीचा प्रवास अंधारात करावा, म्हणजे समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत आपल्या गाडीचे दिवे कितपत पुरतात तेही कळेल.

कागदपत्रांत वॉरंटीची वर्षे नव्हे, किलोमीटर वाचावेत. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी बॅटरीची हमी या प्रवाशासाठी पाच वर्षे आणि चार महिन्यांत संपते. टाटाने २०२५ मध्ये नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तासाच्या गाडीला पहिल्या मालकासाठी १५ वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली बॅटरी हमी दिली, तिचे मोल म्हणूनच या अंतराला फार आहे. इंजिनाच्या गाडीला दर १०,००० किलोमीटरला, म्हणजे वर्षातून तीनदा सर्व्हिसिंग येते, तो खर्चही सीएनजी आणि डिझेलच्या आकड्यांत मिळवावा.

एवढे पाहून माझी निवड अशी राहील: स्वतःची पार्किंग आणि वेगळे मीटर मिळत असेल तर विजेची गाडी, आणि तेही ऐपत बघून पंच किंवा नेक्सॉन; सॉकेट नसेल आणि पाळीची वेळ आडनिडी असेल तर एएमटीची सीएनजी; सॉकेटही नाही आणि वेळही नाही, पण पैसे आहेत, तर हायब्रिड. एक अट या सगळ्यावर आहे. हा हिशेब नोकरी पाच वर्षे तिथेच राहील असे धरून केलेला आहे. उद्या बदली हिंजवडीला झाली आणि रोजचे अंतर ३५ किलोमीटरवर आले, तर विजेची वार्षिक बचत एक तृतीयांशाच्या आत येते आणि महागड्या गाडीचा हप्ता मात्र तसाच राहतो. ज्याला आपल्या नोकरीची खात्री नाही त्याने स्वस्त सीएनजी गाडी घ्यावी, कारण ती दोन वर्षांनी विकायला काढली तरी गिऱ्हाईक लगेच मिळते.