नागपूर ते भेडाघाट एका दिवसात: गाडी छान, पण बोटिंग चारनंतरच करा

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आईला घेऊन सीताबर्डीवरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या गाडीने जबलपूरजवळच्या भेडाघाटला जाऊन आलो. पहाटे 4 ला गाडी प्रतापनगरात दारात उभी. चालकदादा शांत, गाडी स्वच्छ. वाटेत लखनादौनला चहा घेऊनही 10 वाजता पोचलो.

चुकलंय ते वेळापत्रक. त्यात बोटिंग दुपारी 12 ला लावलंय. मागे एकदा मी भर दुपारीच नावेत बसलो होतो; ऊन माथ्यावर असताना नदीकाठचे संगमरवराचे पांढरे कडे असे चमकतात की डोळे उघडवत नाहीत. म्हणून या वेळी दादांना विनंती करून बोटिंग शेवटी ठेवलं.

आधी धुवाँधार धबधबा. नर्मदा इथे खाली कोसळते आणि पाण्याचा नुसता धूर उठतो. कठड्याशी दोन मिनिटं उभे राहिलो तर चष्मा ओला, आईनं पदर डोक्यावर ओढला. चौसष्ट योगिनींचं कलचुरी राजांच्या काळातलं गोल मंदिर मी एकट्यानेच चढून पाहिलं, आईचे गुडघे दुखतात.

4 वाजता पंचवटी घाटावरून नाव निघाली. दोन्ही बाजूंना डोलोमाइटी संगमरवराचे कडे, मधून अरुंद होत गेलेली नदी. वरच्या कडांवर केशरी ऊन आणि खाली पाण्यालगत सावलीत तोच दगड निळसर राखाडी. पांढऱ्यातून काळपट पट्टे तिरपे उतरलेले दिसतात, दुपारी ते मला दिसलेच नव्हते. बंदरकूदनीपाशी, म्हणजे दोन्ही कडे अगदी जवळ येतात तिथे, नावाडीभाऊंनी वल्ही थांबवली. वल्ह्यावरून निथळणारा थेंब न् थेंब ऐकू येत होता. आईनं घरून नेलेलं संत्रं सोललं, अर्धं नावाडीभाऊंना दिलं, अर्धं हातातच धरून कितीतरी वेळ वर बघत राहिली.

राग एकाच गोष्टीचा. रात्री 11 च्या आत परतलो, एकही किलोमीटर जास्तीचा नाही, तरी ऑफिसने ‘क्रम बदलला’ म्हणून 600 रुपये लावले. बुकिंग करतानाच बोटिंग 4 ला लिहून घ्या. पाचपैकी चार तारे देतो, ते दादांमुळे.

पावसाळ्यात जाऊ नका. बोटिंग बंद असतं आणि पूर आला की धबधबाच पाण्याखाली जातो. हिवाळ्यात स्वेटर हाताशी ठेवा, डिकीत नको. ऊन कड्यावरून सरकलं की नदीवर लगेच गारठा पडतो, आईला माझं जॅकेट द्यावं लागलं.