टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?
पानशेतला छोटी आउटबोर्डची (मागे बाहेरून मोटर लावलेली) बोट असलेला मित्र विचारतोय, मोटर सेल्फ मारत नाही, नुसतं टक् टक् करते, तर बुधवार पेठेतून टेस्ट लॅम्प (सप्लाय असला की पेटणारा बल्ब) आणू का मल्टिमीटर (व्होल्ट आकड्यात दाखवणारा मीटर).

पैशाचं म्हणशील तर लॅम्प जवळपास फुकटच, गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि क्लिपा, झालं. हलत्या बोटीत तो बराही पडतो, आकडे वाचायला चष्मा शोधायला नको.

पण खरी गंमत टर्मिनलवर हिरवट गंज चढला की कळते. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो आरामात १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो सप्लाय ओके आहे. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तो तिथे लगेच मिणमिणतो.

उलट इंजिन चालू असताना चार्जिंग १४ च्या आसपास येतंय का, हे लॅम्पला सांगताच येत नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, दिसला तर अर्थिंगची केबल काढून घासायची, हेही मीटरचंच काम. आणि इसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना लॅम्प चुकूनही लावू नको, जादा करंट ओढून नवीन खर्च काढेल.

नुसते दिवे, फ्यूज, बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) बघायचे असतील त्याने लॅम्प घ्यावा. सेल्फ-चार्जिंगचा त्रास, म्हणजे तुझ्यासारखी केस, किंवा फ्युएल इंजेक्शनची मोटर असेल तर मीटरच.